गळती

ऐरोलीत आमच्या दवाखान्यात दोन मशिनं आहेत,
मध्ये प्लायवूडची भिंत.
जुनं मशीन डाय मागतं.
नवं काही मागत नाही,
निळ्या फुलीकडे बघा म्हणतं, पापणी न मिटता.

कारखानीस डॉक्टर बाईंचा अभ्यास चालू आहे.
ज्यांच्या डोळ्यांना आतून सूज आहे
त्यांचे फोटो दोन्हीकडे काढायचे,
तोच डोळा, तोच दिवस,
आणि मग तक्त्यात खुणा.
तक्त्याचे रकाने मी आखले:
रक्त कुठवर पोहोचतं. कुठे पोहोचत नाही.
गळती आहे का.
या शेवटच्यापाशी माझं पेन अडतं.

नवं मशीन देखणं आहे.
केसाहून बारीक वाहिन्या
कांद्यासारख्या थराथरांत सोलून दाखवतं.
सुई नाही, मळमळ नाही, माणूस सहा मिनिटांत बाहेर.
रक्त जिथे थांबलं तिथे काळा डाग, स्वच्छ.
पण जे वाहतं तेच त्याला दिसतं.
जे झिरपतं
ते त्याच्या हिशेबातच नाही.

जुन्यावर हाताच्या शिरेतून पिवळं औषध सोडायचं
आणि मनात आकडे मोजायचे.
अकरा. बारा.
पडदा उजळत जातो, फांदी फांदी करत.
मग थांबायचं, खरं काम थांबण्यात आहे.
पाचव्या मिनिटाला उजेड वाहिनीची भिंत सोडतो,
टीपकागदावर शाई फुटावी तसा.
कुणी ओकतं, म्हणून तसराळं हाताशी.
"लघवी उद्यापर्यंत पिवळी होईल, घाबरू नका,"
हे मी इतक्या वेळा म्हटलंय
की झोपेतही म्हणते, असं नवरा सांगतो.

रुग्ण क्रमांक तेवीस, सुगंधाबाई मढवी, दिवागावच्या.
नव्यावर डोळा निर्मळ.
जुन्यावर चहूकडून पाझर.
दोन्ही फोटो मी शेजारी शेजारी लावले.
"यातला माजा कंचा?"
दोन्ही तुमचेच.
"मंग येक खोटा हाय."
खोटा नाही हो, त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो.

त्या हसल्या. बाहुल्या थेंबांनी मोठ्या झालेल्या,
मला बघत होत्या की माझ्यामागच्या धुक्याला, कळेना.
"आमचा बापूस खाडीच्या बांदाव जायाचा भरतीला.
वरनं बांद चांगला दिसं.
पन चिंबोरीचं बीळ असतं ना आत, ता कसा दिसंल?
मंग पान्यान कोंडा टाकाचा मूठभर
नि बगत बसाचा.
कोंडा जिकडं खेचं, तिकडं खांड पडनार."

मी सात वर्षं डाय भरतेय.
कुणी मला असं सांगितलं नव्हतं.

चौथ्या खेपेला त्यांची शीर सापडेना.
सलाईनींनी दोन्ही हात कडक झालेले.
मी दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा त्यांनीच हात ओढून घेतला,
"ऱ्हाऊ दे गो पोरी."
म्हणजे फक्त नवं मशीन.
फोटो सुंदर आला, अगदी कॅलेंडरवर छापावा असा.

जाताना काळा चष्मा लावून
त्यांनी उतरणीवर आधी टाच टेकली, मग पाऊल,
जमीन मऊ लागते का ते पाहत.

तक्त्यात तेवीस नंबरपुढे मी लिहिलं: गळती नाही.
खोडलं.
लिहिलं: दिसली नाही.
तेही खोडलं, कागद जरा फाटला.
मग लिहिलं: कोंडा टाकलेला नाही.

रात्री बाईंचा फोन.
हे काय लिहिलंयस?
सांगायला वेळ लागेल, मी म्हटलं.
त्या गप्प होत्या. मागे त्यांचा कुकर शिट्ट्या देत होता.
"बरं," म्हणाल्या, "तूर्तास असू दे."
अजून तसंच आहे.